चालत्या घराचे टायर आणि बोटभर व्हॉल्व्ह

टायरचा इतिहास म्हटला की आपण बहुधा रबराची कथा सांगतो: गुडइयरचे व्हल्कनायझेशन, काँगोतील अत्याचार, मलायातील मळे. ती कथा मोठी आहे आणि सांगितलीच पाहिजे. आजच्या धाग्यात मात्र टायरमध्ये हवा जाण्यासाठी असलेल्या बोटभर नळीकडे, म्हणजे व्हॉल्व्हकडे पाहू. उदाहरण घेतले आहे मोटरहोमचे. स्वयंपाकघर, बिछाने आणि पाण्याची टाकी पोटात घेऊन फिरणारे हे वाहन आपल्याकडे क्वचित दिसते, युरोप-अमेरिकेत मात्र त्याला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. हवेच्या चाकाच्या वाट्याला प्रचंड भार आणि प्रदीर्घ दुर्लक्ष एकाच वेळी कुठे येत असेल, तर ते याच वाहनात.

प्रारंभ घोड्यांपासून करू. १८८५ साली ब्रिस्टल वॅगन अँड कॅरेज वर्क्स या कारखान्याने डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील माजी वैद्यासाठी एक चाकांवरचे घर बांधले. त्याचे नाव ‘वाँडरर’. हौसेने भटकण्यासाठी खास बांधलेले हे आरंभीच्या कॅरव्हॅनपैकी एक. त्या वर्षी स्टेबल्स ते घेऊन इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे, आणि चाकांत अर्थातच हवा नाही. आपल्या बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव, तशीच धाव तेव्हा युरोपातल्या गाड्यांनाही असे. धाव तापवून चढवणे हे लोहाराचे काम. सैल झाली की गाडी पुन्हा लोहाराच्या दारात. मालकाने रोज उठून चाकाचे काही पाहावे, अशी त्यात सोयही नव्हती आणि गरजही नव्हती.

गंमत अशी की, हवेचे चाक तोवर शोधून आणि विसरून झाले होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर कातड्याचे जाड आवरण, आणि हवा भरण्याच्या तोंडाला स्क्रूचे हवाबंद झाकण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये अशा चाकांच्या घोडागाडीचे प्रयोग झाले आणि गाडी आश्चर्यकारक इतकी हलकी चालली. तरीही हा शोध रुजला नाही. पातळ, चांगले रबर महाग होते, हे कारण नेहमी दिले जाते आणि ते खरेच आहे. मला दुसरेही एक कारण महत्त्वाचे वाटते. कातड्याचे ते आवरण चाकाला बोल्टांनी जखडलेले होते. आतली नळी फुटली तर रस्त्याच्या कडेला गाडीवानाने काय करायचे, याला सोयीचे उत्तर नव्हते. जी वस्तू वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही, ती कितीही उत्तम असली तरी प्रदर्शनापुरतीच राहते.

१८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना पुन्हा शोधली, मुलाच्या तिचाकीसाठी. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले तेव्हा डनलॉप यांचे मुख्य पेटंट रद्द ठरले. पण त्यांचाही टायर रिमला चिकटवलेला असे. असा एक टायर १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशेलाँ बंधूंच्या कारखान्यात दुरुस्तीला आला आणि नुसत्या पंक्चरपायी कित्येक तास खर्ची पडले. त्यातूनच १८९१ मध्ये त्यांचा सुटा करता येणारा टायर जन्मला. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा सायकलपटू पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत या टायरवर जिंकला.

व्हॉल्व्हचा खरा इतिहास याच दोन-तीन वर्षांत घडला. इंग्लंडमध्ये वुड्स याने सोपी युक्ती काढली: बाजूला छिद्र असलेली बारीक नळी आणि तिच्यावर ताणून बसवलेली रबरी नळी. पंपाचा दाब आला की रबर उचलले जाते, दाब थांबला की आतली हवाच त्याला छिद्रावर दाबून धरते. आपल्या काळ्या सायकलींना पिढ्यान् पिढ्या हाच व्हॉल्व्ह आहे. सायकलवाल्याकडून ‘वॉल ट्यूब’चा तुकडा ज्याने विकत आणला, त्याने एकोणिसाव्या शतकातील यंत्रविद्या हाताळली आहे. फ्रान्समध्ये १८९३ मध्ये स्क्लाव्हराँ याने बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. तो आज शर्यतीच्या सायकलींना दिसतो.

मोटारीच्या वाट्याला आला तो न्यूयॉर्कचा श्रेडर व्हॉल्व्ह. ऑगस्ट श्रेडर हे जर्मनीतून आलेले कारागीर. १८४४ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमध्ये दुकान थाटले. रबरी वस्तूंना लागणारे पितळी भाग ते बनवीत आणि पुढे पाणबुड्यांची शिरस्त्राणे व हवेचे पंपही. दाबाखालची हवा अडवून धरणे हे कसब त्या कारखान्याच्या हाडीमासी मुरलेले होते. पाणबुड्याच्या बाबतीत चूक म्हणजे मृत्यूच. टायरचा व्हॉल्व्ह त्यांनी १८९१ मध्ये तयार केला. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. नळीच्या मध्यभागी स्प्रिंगची पिन, ती दाबली की हवा आत किंवा बाहेर. यात महत्त्वाचे हे की, ती पिन आट्यांवर बसवलेली आहे. खराब झाली तर छोट्या चावीने काढून नवी घालता येते, टायर न उतरवता. झाकण थोडे नंतर आले. पिन पहिला बांध आणि झाकण दुसरा, असे त्यांचे नाते. रबरी वायसर असलेले झाकण घट्ट बसवले तर पिनेतून झिरपणारी हवाही अडते आणि धूळ-पाणी आत जात नाही. आपण झाकण हरवले की नवे आणतच नाही, हे वेगळे. पुढे श्रेडर-डंकन या कंपनीने मुंबईत मुलुंडला हे व्हॉल्व्ह बनवले.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे व्हॉल्व्ह ट्यूबला जोडलेला असे. म्हणून ट्यूब बदलली की व्हॉल्व्हही आपोआप नवा येई. दुसऱ्या महायुद्धानंतर गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर आणला; तिचे अभियंता फ्रँक हर्झेग यांना १९५२ मध्ये पेटंट मिळाले आणि १९५५च्या सुमारास नव्या अमेरिकी मोटारींत तो सर्रास दिसू लागला. पंक्चरची कटकट कमी झाली, याचे कौतुक योग्यच. पण व्हॉल्व्ह आता रिमच्या भोकात बसू लागला, बहुधा रबरी बुंध्याचा. टायर नवा घातला तरी व्हॉल्व्ह जुनाच राहू शकतो, ही शक्यता तेव्हा प्रथम निर्माण झाली. एका चांगल्या शोधाने एक न बोलता होणारी देखभाल बंद पाडली, आणि ती कुणीतरी लक्षात ठेवून करायची गोष्ट झाली.

मोटरहोमवर याचा परिणाम सर्वाधिक झाला. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने १९६६ पासून ही वाहने कारखान्याच्या साखळीवर, तुलनेने स्वस्तात काढली आणि ती मध्यमवर्गाच्या दारात आली. दारात आली आणि वर्षातले बरेच महिने तिथेच उभी राहू लागली. टायरच्या रबरात ओझोनपासून संरक्षणासाठी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरते, रबर लवते, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे घडत नाही; उन्हाने व ओझोनने बाजूच्या भिंतीला भेगा पडतात. नक्षी शाबूत आणि टायर म्हातारा, असे दृश्य इथे नेहमीचे. म्हणून मोटरहोमचा टायर झिजेवरून जोखायचा नसतो. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी निरोप, असा मिशेलाँचा सल्ला आहे.

दाबाचा प्रश्न वेगळाच. मोटारीचा साधा रबरी व्हॉल्व्ह दर चौरस इंचाला ६५ पौंडांपर्यंतच्या दाबासाठी असतो. मोठ्या मोटरहोमच्या टायरांत ८० ते ११० पौंड हवा असते. युरोपात या वाहनांसाठी ‘सीपी’ अक्षरांचे खास टायर निघतात आणि मागच्या आसावर त्यांत साडेपाच बार, म्हणजे ८० पौंड, हवा भरली जाते. तिथे नट आवळून बसवलेला धातूचा व्हॉल्व्हच हवा. हवा मोजायची ती टायर थंड असताना, कारण तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने बदलले की दाब सुमारे दोन टक्क्यांनी बदलतो.

आता कायद्याकडे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. नक्षीचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकी रस्ते सुरक्षा प्रशासनाने २७१ मृत्यूंचा संबंध या टायरांशी जोडला. फोर्डने सांगितलेला २६ पौंडांचा दाब अपुरा होता, असे फायरस्टोनचे म्हणणे; टायरच सदोष, असे फोर्डचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झाला. त्यातून टायरचा दाब घटल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. सप्टेंबर २००७ पासून ती पूर्णपणे लागू झाली. योगायोगाने २००० पासूनच टायरवरील तारखेचे तीन अंकही चार झाले: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा. आधीच्या तीन अंकांतून दशक कोणते ते सरळ कळतच नसे.

पण इशाऱ्याची ही सक्ती ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांना आहे, आणि एका आसावर जोडचाके असलेली वाहने तिच्यातून वगळली आहेत. बहुतेक मोठी मोटरहोम या दोन्ही चाळण्यांतून निसटतात. ज्या वाहनात हवा कमी झाल्याचे बसल्या जागी कळणे सर्वांत अवघड, त्यालाच कायद्याने मालकाच्या भरवशावर सोडले, हे मला तरी पटत नाही. मालकांनी मग स्वतःच उपाय शोधला: झाकणाच्या जागी आट्यांवर बसणारे छोटे संवेदक. त्यांचे वजन रबरी व्हॉल्व्हला हेलकावते, तो बुंध्याशी चिरतो. म्हणजे पुन्हा धातूचाच व्हॉल्व्ह.

जोडचाकांपैकी आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही. त्यासाठी लवचीक जोडनळ्या मिळतात. त्या सैल झाल्या की सांध्यातून हवा झिरपते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आतला टायर बसला तरी शेजारचा त्याचा भार मुकाट्याने उचलतो आणि तापत जातो. म्हणून अनुभवी मालक जोडनळी न वापरता लांब, वाकवलेला धातूचा व्हॉल्व्ह घेतात आणि नवे टायर घालतानाच तो बसवून घेतात, कारण एरवी तेवढ्यासाठी बाहेरचे चाक उतरवावे लागते.