कोरे पृष्ठांकन : धनादेशामागची बिननावाची सही

टेंभुर्णी : पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी ही माढा तालुक्याच्या ऊसपट्ट्यातील बाजारपेठ. शेतकरी, वाहतूकदार आणि दुकानदार यांच्यातील देण्याघेण्यात 'मागे सही करून द्या' हे शब्द कानावर पडतात. मात्र धनादेशाच्या पाठीवरील या सहीचा कायदेशीर अर्थ अनेकांना ठाऊक नसतो.

धनादेश, वचनचिठ्ठी व विपत्र यांना १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार पृष्ठांकनाचे दोन प्रकार होतात. 'अमुक यांस द्यावेत' असे लिहून सही केल्यास ते पूर्ण पृष्ठांकन. कोणाचेही नाव न लिहिता केवळ सही केल्यास ते कोरे पृष्ठांकन.

परिणाम काय?

कलम ५४ नुसार, कोरे पृष्ठांकन होताच मुळात 'ऑर्डर' असलेला धनादेशही वाहकास देय ठरतो. त्यापुढे तो नुसता हाती देऊन हस्तांतरित होतो. तो हरवला, तर ज्याला सापडला त्याचा रकमेवर हक्क नसतो. मात्र त्याच्याकडून कोणी योग्य मोबदला देऊन, सद्भावनेने, मुदतीपूर्वी तो घेतला असेल, तर कलम ५८ अशा धारकाला संरक्षण देते. मूळ मालकाचे पैसे तेथेच अडकतात.

उपाय

धनादेश हाती येताच धारकाने सहीच्या वरच्या जागेत स्वतःचे किंवा पुढील व्यक्तीचे नाव लिहावे. कलम ४९ तशी मुभा देते आणि त्यामुळे धारकावर पृष्ठांकनकर्त्याची जबाबदारी येत नाही. मूळ 'बेअरर' धनादेशाचे मात्र तसे नाही. त्यावर नंतर कोणतेही पृष्ठांकन झाले, तरी वाहकास रीतसर रक्कम देणारी बँक कलम ८५ नुसार जबाबदारीतून मुक्त होते.

'अकाउंट पेयी' रेखांकन असल्यास रक्कम नाव असलेल्या व्यक्तीच्याच खात्यात जमा करण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पतसंस्थांच्या सभासदांचे ५० हजार रुपयांपर्यंतचे असे धनादेश संस्थेच्या खात्यात जमा करून घेण्याची सवलत बँकांना देण्यात आली.

हुंडीची परंपरा

नाव असावे की नसावे, हा प्रश्न नवा नाही. नामजोग हुंडीची रक्कम नाव असलेल्यासच मिळे, तर शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच दिली जाई. कोऱ्या सहीला अशा पतीचीही अट नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी नाव लिहिणे हिताचे.