मुंबईकर भाभा, निर्वासित रॉसी आणि मंदावलेला काळ (थ्रेड)

१/८ वेगाने धावणारे घड्याळ संथ चालते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली गणिताने दाखवले. परंतु प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे घड्याळ आणायचे कुठून? या प्रश्नाच्या उत्तराशी मुंबईत जन्मलेल्या एका तरुणाचे नाव जोडलेले आहे.

२/८ तो तरुण म्हणजे होमी भाभा. १९३८ च्या आरंभी, वयाच्या २८ व्या वर्षी, केंब्रिजमध्ये असताना त्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. जपानी शास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांनी कल्पिलेल्या जड कणाचा आपोआप क्षय होत असावा, असा त्यांचा तर्क होता.

३/८ पुढचे अनुमान अधिक महत्त्वाचे होते. ठरावीक सरासरी आयुष्य असलेला कण हे एक घड्याळच आहे. तेव्हा धावत्या कणाचा क्षय उशिरा झाला पाहिजे.

४/८ असे एक घड्याळ विश्वकिरणांत सापडले. त्याला तेव्हा मेसोट्रॉन म्हणत. आज म्यूऑन म्हणतात. (तो युकावांचा कण नव्हे, हे १९४७ साली उमगले.) त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशही सुमारे ६६० मीटरच जातो. तरीही कित्येक किलोमीटर उंचीवर जन्मलेले असंख्य म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतात.

५/८ हे कोडे मोजमापाने सोडवले ब्रूनो रॉसी यांनी. १९३८ साली फॅसिस्ट इटलीच्या वंशभेदी कायद्यांमुळे, ज्यू असल्याने, पादुआ विद्यापीठातील त्यांचे पद गेले. कोपनहेगन आणि मँचेस्टरमार्गे ते १९३९ साली अमेरिकेत पोहोचले.

६/८ तेथे रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोतील एको लेक (सुमारे ३,२४० मीटर) व डेन्व्हर (सुमारे १,६१६ मीटर) येथे कण मोजले. १९४१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : कमी ऊर्जेच्या कणांचा क्षय अधिक ऊर्जेच्या कणांच्या सुमारे तिप्पट वेगाने होतो. सापेक्षतावादाचे भाकीत खरे ठरले.

७/८ १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ यांनी हीच गोष्ट अधिक सोप्या रीतीने दाखवली. माउंट वॉशिंग्टनवर तासाला सुमारे ५६३ म्यूऑन मोजले गेले. काळ मंदावत नसता, तर समुद्रसपाटीवर त्यांपैकी अवघे २७ उरले असते. प्रत्यक्षात ४१२ सापडले.

८/८ भाभा १९३९ साली सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. आकाशातून कोसळणाऱ्या कणात घड्याळ ओळखणारा २८ वर्षांचा भाभा मात्र तितकाच स्मरणात राहायला हवा.