मेस्त

१९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मधलं, अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून छत्री घेऊन बाहेर येतो ते गाणं आठवत नाही असा माणूस विरळाच. पण अँथनी गोन्सालव्हिस नावाचा माणूस खरोखर होता, असं ऑफिसात जेवताना सांगितलं तर अर्ध्या टेबलाला ती थाप वाटली. ते होते. १९२७ साली गोव्यात, सासष्टीतल्या माजोर्डे गावी जन्मले, हिंदी सिनेमात व्हायोलिन वाजवलं, पोरसवदा प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि २०१२ च्या जानेवारीत वारले. पडद्यावरच्या अँथनीचं आडनाव आधी फर्नांडिस होतं, प्यारेलालनी गुरूची आठवण म्हणून ते बदलून घेतलं, असं सांगतात.

मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांच्या वडिलांत जास्त रस आहे. ते माजोर्ड्याच्या चर्चचे गायकवृंद-प्रमुख होते. गोव्यात या माणसाला मेस्त म्हणतात. पोर्तुगीज 'मेस्त्र', म्हणजे गुरू किंवा उस्ताद. आपला भिंत बांधणारा मिस्त्रीही याच शब्दातून आलाय. गंमत अशी की दोघांचं कामही फारसं वेगळं नव्हतं. पडेल ते करायचं, आणि पैसे मागायला दहा हेलपाटे घालायचे.

१५४५ च्या सुमारास पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चला जोडून शाळा काढायला सुरुवात केली. तिथे धर्मशिक्षण असायचं, थोडं लिहिणं-वाचणं, आणि संगीत. संगीत का? तर रविवारची मिस्सा गायल्याशिवाय होत नाही, आणि गाणारे दर वेळी लिस्बनहून कुठून आणणार? मग गावातलीच पोरं तयार करा. हे काम मेस्तचं. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हणायचे. ते पक्कं झालं की मगच हातात व्हायोलिन. ज्याचा कान बरा त्याला पुढची वाद्यं. हे सगळं सांभाळून मेस्तने रविवारी ऑर्गन किंवा पेटी वाजवायची, फेस्ताच्या आदल्या संध्याकाळच्या वेस्पराला गायकवृंद उभा करायचा, उपवासकाळात मोतेत बसवायचे, लग्नात वाजवायचं, मर्तिकातही वाजवायचं. मोबदला गावकरीच्या किंवा चर्चमधल्या कॉन्फ्रारियांच्या पैशातून, तुटपुंजा.

आता इथे एक गोष्ट गिळून पुढे जाता येत नाही. ज्या चर्चने खेड्यातल्या पोराला स्वरलिपी वाचायला शिकवली, त्याच चर्चच्या इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नातल्या ओव्यांवर आणि देशी वाद्यांवर बंदी घातली. एक गाणं शिकवलं आणि दुसरं गाणं गुन्हा ठरवलं. गोव्यातल्या पाश्चात्त्य संगीताचं कौतुक करणारे लेख हा भाग बहुतेक वेळा गाळतात, आणि नुसती शिव्याशाप देणारी मंडळी पहिला भाग गाळतात. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, त्याला काय करणार?

बरं, मेस्तची ही दशा फक्त गोव्यातच होती असं समजू नका. सगळ्या चर्च-वादकांचा बाप म्हणजे योहान सेबास्टियन बाख. त्याचा बायोडेटा वाचताना आपल्यापैकी कुणालाही घरचं वाटेल. वयाच्या विशीत आर्नश्टाट गावी ऑर्गनिस्ट. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन सुमारे चारशे किलोमीटरवरच्या ल्यूबेकला बुक्स्टेहूड या बुजुर्ग ऑर्गनिस्टाला ऐकायला गेला, ते जवळजवळ चार महिन्यांनी परत आला. आल्यावर मंडळींनी रीतसर बोलावून जाब विचारला. त्या बुक्स्टेहूडची गादी हवी असेल तर अट एकच, त्याच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचं. १७०३ मध्ये हॅन्डल आणि मातेझॉन दोघं जण ही अट ऐकून निमूट परतले होते. पुढे १७१७ मध्ये वायमारच्या दरबारातून सुटायचा बाखने फारच हट्ट धरला तेव्हा ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत टाकलं आणि मग सोडलं. नोटीस पिरियडवरून कुरकुरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

१७२३ मध्ये तो लाइपत्सिगला लागला, तोही टेलेमान आणि ग्राउप्नर मिळाले नाहीत म्हणून. तिथे मेस्तसारखंच काम: शाळेतल्या पोरांना शिकवा, चर्चेससाठी गायकवृंद पुरवा. पगाराबरोबर मोठी वरकड मिळकत होती ती लग्नं आणि मर्तिकांची. १७३० साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की शहराची हवा चांगली असली की लोक कमी मरतात आणि आपलं उत्पन्न घटतं. मला हे पत्र त्याच्या कितीतरी रचनांपेक्षा जवळचं वाटतं. (संगीतप्रेमी मित्र माफ करतील अशी आशा आहे.)

पण फरक एक होता. बाख एका नोकरीतून दुसऱ्या चर्चमध्ये किंवा दरबारात जाऊ शकत होता. गोव्यातल्या मेस्तला वर चढायला पायरीच नव्हती. गावोगाव शिकलेली पोरं तयार, आणि त्यांना पोसणारं कुणी नाही. मग त्यांनी तेच केलं जे गोवेकर नेहमी करतात. मुंबईची वाट धरली. धोबी तलावच्या आसपास गावागावांच्या कूड असायच्या, तिथे पाठ टेकायची आणि काम शोधायचं. हॉटेलांतले डान्स बँड, संस्थानिकांचे आणि पोलिसांचे बँड, बोटींवरचे वाद्यवृंद. आणि १९३० नंतर बोलपट.

सिनेमाला नेमकं तेच हवं होतं जे मेस्तने शिकवलं होतं. संगीतकाराने चाल गुणगुणायची, पण चाळीस-पन्नास वादकांनी एकाच क्षणी काय वाजवायचं हे कागदावर कोण मांडणार? त्या काळी हिंदुस्थानी परंपरेतले थोर कलावंत हे लिहीत नव्हते, त्यांना कधी गरजच पडली नव्हती. गोवेकर पोराला ते वयाच्या आठव्या वर्षापासून येत होतं. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी, फ्रँक फर्नांडनी अनेकांसाठी असं काम केलं. पडद्यावर नाव आलंच तर 'सहाय्यक' म्हणून, पुष्कळदा तेही नाही. कोड एकाने लिहायचा आणि डेमो दुसऱ्याने द्यायचा, हा प्रकार आपल्या धंद्याने शोधलेला नाही.

गोन्सालव्हिस यांना हे पुरेसं वाटलं नाही. १९५८ साली त्यांनी पदरचे पैसे घालून मोठा वाद्यवृंद उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केले, रागांवर आधारलेल्या रचना वाजवल्या आणि गायला होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. परतल्यावर सिनेमात पुन्हा आलेच नाहीत, माजोर्ड्यात शांतपणे राहिले.

आपल्या मराठी मुलखात मेस्त का झाला नाही, असा प्रश्न मला पडायचा. मिशनरी तर इथेही होते. याचं एक उत्तर नारायण वामन टिळकांत सापडतं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि त्यांनी भक्तिगीतं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची, टाळ-पेटीवर म्हणता येतील अशी. (लक्ष्मीबाई मूळच्या आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, हे जाता जाता.) अभंग म्हणायला स्वरलिपी लागत नाही आणि चार वेगवेगळे आवाज बसवणारा माणूसही लागत नाही. शेजारची बाई जशी म्हणते तसं म्हणायचं. लोकांच्या तोंडी बसण्यासाठी हा मार्ग फारच चांगला, पण यातून पगारी वादक तयार होत नाही.

चर्चचं वाद्य मात्र इथे आलं आणि चर्चबाहेर पसरलं. पाइप ऑर्गन महाग आणि अवजड, म्हणून लहान चर्चेससाठी पत्तीवर वाजणारा स्वस्त पर्याय हवा होता. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेंने १८४० च्या सुमारास हार्मोनियम काढलं ते त्या गरजेत चपखल बसलं. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आलं, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या आसपास पायाऐवजी हाताचा भाता बसवला, आणि वादक मांडी घालून बसला. एकलहऱ्याला औष्णिक केंद्राच्या कॉलनीत गणपतीत भजनाला जी पेटी लागते, तिची आजी फ्रेंच चर्चमध्ये होती! संगीत नाटकात तर पायाने चालवायचा ऑर्गन जसाच्या तसा आला. त्याचा भाता हवा पत्तीवर फुंकत नाही, पत्तीतून ओढून घेतो, म्हणून आवाज पेटीपेक्षा मऊ आणि भरीव. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे तोच वाजवत. बायबल नाही, पण पद आहे, वन्समोअर आहे, आणि कंपनीत पगारही आहे.

गोव्यात १९६३ नंतर चित्र पुन्हा पालटलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने लोकभाषेत उपासनेला वाट दिली आणि लॅटिन मिस्सांची वह्यांच्या वह्या असलेली मेस्तची शिदोरी हळूहळू कपाटात गेली. कोंकणी स्तोत्रं आली, ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. लोकांच्या दृष्टीने उत्तम झालं, मेस्तच्या दृष्टीने त्याचं कौशल्य निम्मं निरुपयोगी झालं. पणजीत १९५२ साली अंतोनियु द फिगेरेदु यांनी संगीत अकादमी काढली होती, ती पुढे कला अकादमीचा भाग बनली. रोममध्ये शिकून आलेले फादर लूर्दिन बार्रेतु तिथल्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे शिक्षण चर्चमधून उठून फी भरायच्या वर्गात गेलं.

बऱ्याच ठिकाणी आता रविवारी की-बोर्डवर बसतो तो आठवडाभर बँकेत किंवा शाळेत असतो. त्याला मानधन मिळालंच तर पेट्रोलपुरतं. की-बोर्डमध्ये ताल भरलेला असतो, स्वरसंगतीही एका बोटाने वाजते. सोल्फेज शिकवायला मात्र त्याच्याकडे वेळ नसतो, आणि शिकायला पोरांकडेही नसतो.