दिंडीची कडी

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांना आजही नावांपेक्षा क्रमांकच अधिक चिकटलेले आहेत, आणि अशाच एका क्रमांकाच्या गल्लीत, एका सागवानी वाड्याच्या मागल्या सोप्यात, दोन खणांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात माझे बालपण गेले. वाड्याचा मोठा दरवाजा लग्नकार्याखेरीज उघडल्याचे मला स्मरत नाही. रोजची सारी आमदरफ्त त्याच्या पोटातल्या दिंडीतून चाले, आणि त्या दिंडीची आतली कडी रात्री नऊच्या सुमारास घरमालकीणबाई, ज्यांना वाड्यातली सारी बिऱ्हाडे ‘माय’ म्हणत, स्वहस्ते लावून घेत. एकदा माझे मामा एरंडोलहून शेवटच्या गाडीने आले आणि त्यांनी कडी वाजवली. माय कंदील घेऊन दाराशी गेल्या व आतूनच म्हणाल्या, “कोन शे?” आई चौकातून धावत गेली, “आमना मामा येल शे, माय.” तरीही मामांचे नाव, गाव, येण्याचे कारण आणि मुक्कामाचे दिवस यांची विचारपूस झाल्यावाचून कडी निघाली नाही, आणि निघाली तेव्हा मात्र वाकून आत आलेल्या मामांना मायनीच आधी पाणी दिले, आणि भाकरी टाकू का, असेही विचारले. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वडील आईला एवढेच म्हणाले, “भाडे आपले, पाहुणाही आपला, कडी मात्र मायची.”

त्या वाक्यातले दुःख मला फार उशिरा कळले. भाडे भरणारा मनुष्य चार भिंती घेतो खरा, परंतु आपल्या उंबरठ्याशी कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवण्याचा अधिकार त्या भिंतींबरोबर त्याच्या हाती येतो की नाही, यावरच तो त्या जागेत राहतो की नुसता उतरतो, हे अवलंबून असते. आणि आमच्या खानदेशात या अधिकाराची वाटणी कशी होत आली, हे पाहू जाता आरंभ वाड्यापासून नव्हे, गावच्या वेशीपासून करावा लागतो.

जुन्या गावगाड्यात परक्या माणसाची पहिली नोंद वेशीवर होई. वेसकर हा महार वतनदार. गावात कोण आला, कोठून आला, कोणाकडे उतरला, याची खबर पाटलाला देणे हे त्याचे काम, आणि भिल्लांच्या व पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी गांजलेल्या या मुलखात ते काम जोखमीचेही होते. ज्याच्या नजरेखालून गावात शिरणारे प्रत्येक पाऊल जात असे, त्याला स्वतःला मात्र सवर्णांच्या एकाही घराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. राखणदारीचा एवढा भार ज्याच्या शिरावर ठेवला त्यालाच घराबाहेर ठेवणारी ही व्यवस्था अन्यायाची होती, आणि गावगाड्याच्या सुरक्षिततेचे गोडवे गाताना तिचा विसर पडू देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पैसे देऊन रात्रीपुरती जागा घेण्याची चाल या मुलखात सराईंनी रुजवली. मोगली अमदानीत खानदेश सुभ्याचे ठाणे बुऱ्हाणपूर. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून खानदेशातून नोव्हेंबर 1615 मध्ये तेथे पोहोचला तेव्हा कोतवालाने त्याला एका सराईत नेऊन उतरवले, आणि भट्टीसारख्या घुमटाकार चार कोठड्या वाट्याला आल्याची तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. सराईचा बंदोबस्त कसा असे याचे याहून बोलके वर्णन त्या शतकात हिंदुस्थानभर हिंडलेल्या मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने केले आहे. सायंकाळी दरवाजे बंद होत. सकाळी ते उघडण्यापूर्वी राखणदार तीन वेळा पुकारा करी, की प्रत्येकाने आपापला ऐवज पाहून घ्यावा. आणि कोणाची वस्तू नाहीशी झाली असेल तर ती सापडेपर्यंत दार उघडत नसे. एकाच्या गाठोड्यासाठी शेकडो प्रवासी अडकून पडत. उतारूच्या मालाची हमी येथे पुरेपूर होती, परंतु त्याच्या एकांताची दखल कोणी घेतलेली दिसत नाही, कारण एका रात्रीच्या उतारूला एकांत लागतो ही कल्पनाच त्या व्यवस्थेच्या बाहेरची होती.

कायमच्या बिऱ्हाडांचा प्रश्न आला तो इंग्रजी अंमलाबरोबर. 1803 च्या दुष्काळात आणि होळकरांच्या धामधुमीत उजाड झालेले धुळे विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी पुन्हा वसवले होते; तरी 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे म्हणून त्याची निवड केली तेव्हा तेथे अवघी 401 घरे आणि 2,509 माणसे होती. ब्रिग्जने दूरदूरचे कारागीर आणवून कचेऱ्या बांधल्या, घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, पक्की घरे बांधणाऱ्यांना, मग ते गावचे असोत की परगावचे, तगाई दिली. आणि पाहता पाहता पांझरेच्या काठी नवे शहर उभे राहिले. पण बिनभाड्याच्या जागेवर ज्यांनी वाडे उठवले त्यांनी पुढे मागले सोपे भाड्याने दिले, कारण कचेरीपाठोपाठ कारकून आले, न्यायालयापाठोपाठ वकील आणि पक्षकार आले, शाळेपाठोपाठ मास्तर आले, आणि या साऱ्यांना छप्पर हवे होते.

वाड्याची रचना एका कुटुंबासाठी झालेली होती आणि प्रवेशाची उतरंड तिच्यातच मुरलेली होती. देवडीपर्यंत कोणीही यावे, ओसरीवर ओळखीच्याने बसावे, सोप्यात सोयऱ्याने, माजघरात जवळच्या बायामाणसांनी, आणि स्वयंपाकघरात व देवघरात घरच्यांनीच. कोणी कोठे थांबायचे हे सांगावे लागत नसे. त्या एकाच रचनेत पाच बिऱ्हाडे शिरली तेव्हा ही उतरंड मोडली. मालकाची ओसरी हीच भाडेकऱ्याची वाट झाली, आणि भाडेकऱ्याचा पाहुणा मालकाच्या माजघरावरून जाऊ लागला. मायच्या विचारपुशीत ताठा होताच, परंतु तिच्या लेकीसुनांची निजानीजही त्याच चौकात होत असे, हेही मला आज दिसते. जळगावात गोष्ट थोडी निराळी घडली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला सोन्याचे मोल आले, त्याच दशकात आगगाडी आली, आणि नवी पेठ, पोलन पेठ, बळीराम पेठ अशी एकेक वस्ती वाढत गेली; तेथल्या व्यापारी घरांत खाली गाळा व वर माडी असे, आणि रस्त्यावरून थेट चढणारा जिना ज्या माडीला असे, तिच्या भाडेकऱ्याला पाहुण्यासाठी कोणाची इजाजत घ्यावी लागत नसे. भाडेकऱ्याला खरी मोकळीक माझ्या मते त्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यानेच दिली.

कायद्याने हे उशिरा ओळखले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडे नियमित भरणाऱ्याला जागेचा निर्वेध उपभोग दिला; आणि कोण भाडेकरू व कोण केवळ परवानगीने बसलेला, याची पारख जागेच्या एकाधिकारी ताब्यावरून करावी, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलातील खोल्यांच्या वादात महत्त्वाचा मानला. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तर घरमालकाने जागा पाहावयास यायचे ते वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना देऊनच, अशी तजवीज आहे. ज्या कडीपुढे माझ्या आईला धावत जावे लागले, तिच्या उलट बाजूने आता मालकाला थांबावे लागते, हे वाचून मला जे समाधान झाले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

परंतु कडी काढून देणाऱ्या कायद्याच्याही आधी, मुळात भाड्याने जागाच न देणारी दारे होती. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि खरी जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. पैसे होते, विद्या होती, राहण्यास खोली मात्र नव्हती. धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याखाली लांडोर बंगला आहे. 31 जुलै 1937 रोजी, न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचा मुक्काम तेथे झाला, आणि दरवर्षी त्या तारखेला पावसात भिजत हजारो माणसे तो डोंगर चढून जातात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी वेशी राखल्या, त्यांची नातवंडे एका मुक्कामाच्या खोलीपुढे हात जोडून उभी राहतात, हे दृश्य मी एकदा पाहिले आणि त्या दिवशी मला घरी येऊन काही लिहिता आले नाही.

माझ्या नातीने अलीकडे मला संगणकावरचे एक मायावी जग दाखवले. सेकंड लाइफ हे त्याचे नाव, 2003 मध्ये ते सुरू झाले, आणि तेथेही जमिनीचे तुकडे आहेत, मालक आहेत, भाडेकरू आहेत. कोणाला आत घ्यावे याची यादी असते, कोणाला मज्जाव करावा याची दुसरी यादी असते, आणि त्या याद्या मालकाच्या हाती राहाव्यात की भाडेकऱ्याच्या, यावरून तेथेही आमच्या वाड्यातलाच तंटा चालतो. भिंती तेथे नावापुरत्या. पाहणाऱ्याची नजर भिंतीतून आरपार जाते, बोललेले वीस मीटरपर्यंत ऐकू जाते, म्हणून एकांत हवा असलेले लोक उंच आकाशात खोली भाड्याने घेतात. नात म्हणाली, “आजोबा, वरून कोणी बघेल याची भीती तुम्हाला कधी वाटली नसेल ना?”

मी तिला धाब्याची गोष्ट सांगितली. खानदेशातली जुनी घरे धाब्याची, मातीच्या सपाट छताची, आणि एकाचे धाबे दुसऱ्याला लागून. उन्हाळ्यात सारी गल्ली धाब्यावर निजे, दिवसा तेथे कुरडया वाळत, आणि एका धाब्यावरून चार घरांचे चौक सहज दिसत. गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या अंतर्भागावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढता येत नाही, हे उदाहरण 1882 च्या सुखाधिकार कायद्यात दिलेले आहे, आणि शेजारच्या गुजरातेतली ही रूढी मुंबई उच्च न्यायालयाने मान्यही केली होती. आमच्या गल्लीत तो कायदा कोणाला ठाऊक नव्हता. पण पुरुषमाणूस धाब्यावर चढायचा तो जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून, दोनदा खाकरून. मग खालच्या चौकात न्हाणाऱ्या बाया आडोशाला सरकत, कोणीतरी “या वर” म्हणे, आणि तेव्हाच त्याचे डोके धाब्याच्या कडेवर दिसे. मायचा थोरला मुलगा, वाड्याचा मालक, आमच्या बिऱ्हाडावरच्या धाब्यावर जाताना शेवटपर्यंत असाच खाकरत असे.