दोष अंगाऱ्याचा की अंतराचा?

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वर्षानुवर्षे उपचारांविना राहिला की आपले निदान तयार असते: घरचे अंधश्रद्धाळू. उपायही ठरलेला, जनजागृती. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण होरपळले. २८ जण गेले.

पण म्हणून लोकांना औषधच नको असते, हे कुठे सिद्ध होते? गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. मनोविकारतज्ज्ञ तिथेच बसू लागले, मुजावर रुग्णांना त्यांच्याकडे धाडू लागले. दुआ मागायला आलेली माणसे गोळ्याही घेऊ लागली. कुणाला श्रद्धा सोडावी लागली नाही.

आता आपल्याकडचे पाहा. कानात आवाज ऐकू येणाऱ्या, बरोबरच्या माणसावरही संशय घेणाऱ्या मुलाला पहाटेच्या एसटीत बसवायचे. दोघांची मजुरी बुडवायची. जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत थांबायचे आणि शेवटी औषधांच्या खिडकीवर ऐकायचे, “ही गोळी संपलीय, बाहेरून घ्या.” हात थरथरतात, दिवसभर झोप येते, म्हणून मुलगा गोळ्या टाळतो, ते सांगायचे कुणाला? पुढच्या महिन्यात हे कुटुंब आले नाही, की त्याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

घरापर्यंत कोणी गेले तर काय होते, तेही तपासून झाले आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर ‘कोप्सी’ चाचणी झाली; निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दवाखान्यातल्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या गृहभेटींची जोड मिळाली, तेव्हा लक्षणे आणि परावलंबित्व अधिक कमी झाले. फरक माफक होता, हे मान्य. पण ते कार्यकर्ते कुणी डॉक्टर नव्हते.

अंधश्रद्धेवर बोट ठेवले की दोष कुटुंबाचा ठरतो आणि औषधांच्या साठ्याबद्दल कोणी विचारत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ मात्र स्पष्ट आहे: सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, आवश्यक यादीतली मनोविकारांची औषधे सदैव आणि मोफत मिळाली पाहिजेत. जागृतीचे फलक रंगवणाऱ्यांनी आधी तालुक्याच्या रुग्णालयात स्किझोफ्रेनियावरची रिस्पेरिडोनची गोळी आहे का, ते विचारून यावे.