पडद्यावरचं प्रवचन

लोइस वेबर सिनेमाकडं वळली ती पियानोच्या एका निखळलेल्या पट्टीमुळं. तरुणपणी ती गावोगाव पियानोचे कार्यक्रम करायची. एकदा भर कार्यक्रमात वाजवता वाजवता काळी पट्टी निघून तिच्या हातात आली. ती अशी काही घाबरली, की पुढं वाजवणंच तिला जमेना. तो धंदा तिनं तिथंच सोडला. हा किस्सा ती स्वतःच सांगायची.

तिचा जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या अलेगेनी गावचा. आता ते गाव पिट्सबर्ग शहरात मिसळून गेलंय. घर धर्मनिष्ठ ख्रिस्ती. धर्मप्रचारकांच्या मंडळीबरोबर ती गरीब वस्त्यांत, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून भजनं म्हणत असे. पुढं नाटकात जायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना ते आवडलं नाही. पण तिचा हिशेब सरळ होता. नाटकवाल्यांनाही उपदेशक हवा, आणि त्यांच्यात राहिल्याशिवाय तो उपदेश त्यांच्या कानात जायचा नाही. नाटकातच फिलिप्स स्मॉली भेटला, १९०४ साली लग्न झालं, आणि थोड्याच वर्षांत दोघंही सिनेमात आले.

सुरुवातीच्या चित्रपटांवर दोघांचं नाव जोडीनं यायचं. लिहायची बहुतेक ती, आणि काम चालू असताना शेवटचा शब्दही तिचाच असायचा, असं तेव्हा पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय. तरी ओळख ‘स्मॉली दांपत्य’ अशीच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही!

१९१३ साली आपल्याकडं फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी तिकडं ही बाई ‘सस्पेन्स’ नावाचा छोटा चित्रपट करत होती. घरात एकटी आई, कुशीत बाळ, मागच्या दारानं शिरणारा भामटा, आणि दूर कचेरीत फोन धरलेला नवरा. तिनं पडद्याचे तीन तिकोनी तुकडे केले आणि तिघांना एकाच वेळी दाखवलं. आईचं काम तिनंच केलंय. पुढच्या वर्षी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आला, आणि लांबीचा पूर्ण चित्रपट दिग्दर्शित करणारी ती पहिली अमेरिकन बाई ठरली.

मग १९१५ चा ‘हिपोक्रिट्स’, म्हणजे ढोंगी लोक. एक साधू वर्षानुवर्षं खपून सत्याची मूर्ती घडवतो. मूर्तीवरचं वस्त्र दूर होतं, आणि सत्य नग्न आहे हे बघून गाव खवळतं, साधूला मारून टाकतं. पुढं ते नग्न सत्य, एक पारदर्शक, धूसर अशी स्त्री, हातात आरसा घेऊन आजच्या जगात फिरतं. पुढाऱ्यांना, मोठ्या घरच्यांना, कुटुंबांना त्यांचं तोंड दाखवतं. चित्रपटावर गहजब झाला. ओहायोत बंदी आली. बोस्टनच्या मेयरनं तर म्हणे, फिल्मच्या एकेका चौकटीवर त्या बाईला कपडे रंगवा, असं सांगितलं.

आम्हा दिगंबरांच्या घरात वाढलेल्या बाईला हे वाचून हसू येतं. मुनिमहाराज विहार करत गावात आले की बाहेरच्या माणसांचे चेहरे कसे होतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलोय. बाहुबलीपुढं उभं राहिल्यावर त्याच्या अंगावर कपडे नाहीत हे आपल्या मनातसुद्धा येत नाही. ज्याच्याजवळ लपवायला काही उरलं नाही त्याला वस्त्र कशाला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण आपणही फार मिरवायला नको. आपल्यातही आर्यिका माताजी पांढऱ्या साडीतच असतात, ते दिगंबरत्व बाईला नाही. सत्य बाईच्या रूपात असं उभं करायला आपल्याकडं कुणी धजलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे.

१९१६ पर्यंत ती युनिव्हर्सल कंपनीत सगळ्यात जास्त पगार घेणारी दिग्दर्शक झाली होती. त्या सालच्या ‘शूज’मध्ये दुकानात दिवसभर उभी राहणारी पोरगी आहे. कमाई सगळी घरी द्यायची. बाप पुस्तक वाचत लोळतोय. बुटांचे तळवे गेलेत, ती पुठ्ठा कापून आत घालते, पाऊस आला की पुठ्ठ्याचा लगदा होतो. शेवटी एका जोडीसाठी ती स्वतःला विकते, आणि दुसऱ्याच दिवशी बापाला नोकरी लागते. त्याच वर्षीचा ‘व्हेअर आर माय चिल्ड्रन?’ मात्र माझ्या गळी उतरत नाही. गर्भपात आणि संततिनियमन या विषयांना तिनं हात घातला हे धाडसच. पण कुणाच्या घरी मुलं व्हावीत आणि कुणाच्या घरी होऊ नयेत, हे ठरवण्याचा त्या काळचा उच्चकुलीन उद्धटपणा त्यात भरून राहिलाय.

१९१७ मध्ये तिनं स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथल्या कामातला १९२१ चा ‘द ब्लॉट’ मला सगळ्यात आवडतो. कॉलेजातल्या प्राध्यापकाचं घर: विद्या भरपूर, पैसा नाही. झिजलेला गालिचा, फाटकी खुर्ची, शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालणारी मांजर. शेजारी बूट बनवणारा, त्याचं घर खाऊनपिऊन सुखी. प्राध्यापकाची मुलगी आजारी पडते, तिला चांगलं अन्न द्या म्हणून डॉक्टर सांगतो. दुकानदार उधार देत नाही. शेजारणीच्या खिडकीत भाजलेली कोंबडी ठेवलेली असते. आईचा हात तिकडं जातो, ती कोंबडी उचलते, आणि परत ठेवते. मुलीला फक्त उचलणं दिसतं, परत ठेवणं दिसत नाही.

कोंबडीचं नाव निघालं की आपल्यातल्या काहीजणी तोंड फिरवतील. पण तिथं भात असता तरी गोष्ट तीच राहिली असती. न दिलेलं घेऊ नये हे अणुव्रत आपण रोज म्हणतो. आजारी लेकीच्या उशाशी बसलेल्या आईला ते किती जड जातं, हे या बाईनं एका हातातून दाखवलं. कुणी रडत नाही, छाती बडवत नाही. पुढं घरी जेवणाची टोपली येते, ती दुसऱ्यानंच पाठवलेली असते, पण मुलगी तिला शिवत नाही.

त्यानंतर उतार लागला. लोकांना जाझ हवं होतं, श्रीमंती हवी होती, उपदेश नको होता. १९२२ मध्ये घटस्फोट झाला, स्टुडिओही हातचा गेला. शेवटचा चित्रपट ‘व्हाइट हीट’ १९३४ चा, हवाईत चित्रित केलेला. तो आज कुठंच नाही. तिनं केलेल्या शंभरावर चित्रपटांतले बहुतेक असेच नाहीसे झाले. १९३९ च्या नोव्हेंबरात ती वारली तेव्हा हातात पैसा नव्हता. अंत्यविधीचा खर्च तिची जुनी मैत्रीण, पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिनं केला.

तिनं आत्मचरित्र लिहिलं होतं. तिच्या पश्चात बहिणीनं ते छापून आणण्याची खटपट केली, पण जमलं नाही. पुढं १९७० च्या दशकात ते हस्तलिखित चोरीला गेलं.