प्लास्टिक ट्रेऐवजी मातीच्या ठोकळ्यात रोपे : पद्धत, फायदे आणि मर्यादा

कलिंगड, ढोबळी मिरची यांसारख्या पिकांचे संकरित बियाणे आज दाणे मोजून मिळते. त्यामुळे रोपवाटिकेत किंवा पुनर्लागवडीत मेलेले प्रत्येक रोप थेट खर्चात भर घालते. शिवाय नांगे भरताना लावलेली रोपे मागे पडतात आणि तोडा एकसारखा येत नाही. प्रो-ट्रेमुळे हे नुकसान बरेच कमी झाले आहे. याच कामासाठी ट्रेशिवाय करता येणारी दुसरी पद्धत म्हणजे मातीचे ठोकळे. ओले मिश्रण साच्यात दाबून चौकोनी ठोकळे पाडायचे, त्यातच बी टोकायचे आणि पुढे ठोकळ्यासकट रोप शेतात लावायचे. या ठोकळ्यांना पिशवी, कप किंवा कप्पा लागत नाही.

ही कल्पना जुनी आहे. मेक्सिकोतील चिनाम्पा शेतीत तळ्यातील गाळ पसरून त्याचे चौकोन कापतात आणि त्यात रोपे वाढवतात. युरोपात पीटचे दाबलेले ठोकळे व्यावसायिक भाजीपाला रोपवाटिकांत वापरले जातात. हाताने चालवायच्या साच्याचा प्रसार अमेरिकेतील शेतकरी व लेखक एलियट कोलमन यांच्या १९८९ च्या ‘द न्यू ऑरगॅनिक ग्रोअर’ या पुस्तकामुळे झाला. त्यांचे मिश्रण पीटवर आधारलेले आहे. आपल्याकडे सहज मिळते ते कोकोपीट, म्हणून प्रमाण आपल्या साहित्यानुसार ठरवावे लागते.

मुळांना काय फायदा होतो?

गुळगुळीत भिंतीच्या कप्प्यात मूळ भिंतीला टेकले की वळते. रोप जास्त दिवस ट्रेमध्ये राहिले तर मुळांची गुंडाळी होते. ठोकळ्याला भिंत नसते. मूळ कडेला येऊन हवा लागली की त्याचे टोक थांबते आणि आत नवीन उपमुळे फुटतात. पुनर्लागवडीनंतर ओली माती मिळताच हीच मुळे चारही बाजूंनी बाहेर पडतात.

दुसरा फायदा लावणीच्या वेळी मिळतो. काकडीवर्गीय पिकांना मुळांची हलवाहलव सहन होत नाही. ट्रेमधून रोप ओढताना मुळांचा गड्डा पुरता भरलेला नसेल तर कोकोपीट गळून मुळे उघडी पडतात. ठोकळा मात्र उचलून तसाच खड्ड्यात ठेवता येतो.

कोणत्या पिकाला, कोणत्या मापाचा?

- कलिंगड, खरबूज, काकडी, दोडका, कारली : ५ सेंमीचा ठोकळा. १२ ते १५ दिवसांत, दोन खरी पाने आल्यावर लावावा.
- टोमॅटो, वांगी, कोबी, फुलकोबी : ४ सेंमीचा ठोकळा. साधारण २१ ते २८ दिवसांत रोप तयार होते.
- मिरची, ढोबळी मिरची : ५ सेंमीचा ठोकळा घ्यावा, कारण रोप ३५ दिवसांपर्यंत किंवा त्याहून जास्त काळ त्यात राहते.
- कांदा : ही पद्धत परवडत नाही. १५ × १० सेंमी अंतराने एकरी सुमारे २ लाख ७० हजार रोपे लागतात. त्यासाठी गादीवाफाच योग्य.

मिश्रण : सगळे यावर अवलंबून

ठोकळा फुटला किंवा विटेसारखा कडक झाला, तर दोष बहुधा मिश्रणात असतो. सुरुवातीला पुढील प्रमाण घ्यावे :

- भिजवून फुलवलेले, धुतलेले कोकोपीट : ३ घमेली
- पूर्ण कुजलेले, बारीक चाळलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत : २ घमेली
- चाळलेली पोयटा माती : १ घमेले

कोकोपीट पाणी धरते, कंपोस्ट अन्न देते आणि पोयटा बांधून ठेवतो. नुसत्या कोकोपीटचा ठोकळा सुटतो. काळी माती वापरू नये. ती ओली असताना साच्याला चिकटते आणि वाळल्यावर आकसून तडे देते. अर्धवट कुजलेल्या शेणखताने कोवळी मुळे जळतात. मिश्रणात युरिया किंवा इतर रासायनिक खत घालू नये. क्षार जास्त असलेले कोकोपीट उगवण बिघडवते, म्हणून विद्युत वाहकता ०.५ पेक्षा कमी असलेले घ्यावे.

टोमॅटो, वांगी, मिरची घेतलेल्या शेतातील माती टाळावी. तिच्यासोबत सूत्रकृमी व मर रोगाची बुरशी रोपवाटिकेत येऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांत माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवून ठेवावी. वापरण्यापूर्वी मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळावे.

ओलावा तपासण्याची खूण

ठोकळ्याचे मिश्रण ट्रे भरण्याच्या मिश्रणापेक्षा बरेच ओले लागते. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून थोडे पाणी यायला हवे आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकायला हवा. पाणी आले नाही तर ठोकळा कडेने ढासळेल. पाणी धारेने वाहिले तर साच्यातून ठोकळा सुटताना बसेल. भिजवलेले मिश्रण रात्रभर झाकून ठेवल्यास ओल सगळीकडे सारखी मुरते.

ठोकळे पाडणे व पेरणी

१. तयार हातसाचा एका दाबात ५ सेंमीचे ४ किंवा ४ सेंमीच्या आसपासचे ५ ठोकळे पाडतो. चाचणीपुरते ठोकळे हवे असतील तर चौकोनी नळीचा तुकडा आणि त्यात सरकणारा लाकडी दट्टा गावातल्या कारागिराकडून करून घेता येतो. दट्ट्याच्या टोकाला लहान गोल उंचवटा ठेवला की बी टोकण्याचा खड्डा आपोआप पडतो.

२. मिश्रणाचा जाड थर करून त्यात साचा दोन-तीन वेळा दाबावा, तळ सपाट करावा आणि फळीवर दट्ट्याने ठोकळा सोडावा. प्रत्येक फेरीनंतर साचा पाण्यात बुडवावा.

३. ठोकळे जाळीदार क्रेटमध्ये किंवा फटी ठेवलेल्या बांबूच्या मांडवावर ठेवावेत. दोन ठोकळ्यांत बोटभर फट ठेवावी. जमिनीवर ठेवल्यास मुळे खाली उतरतात आणि उचलताना तुटतात.

४. बीजप्रक्रिया करून एका ठोकळ्यात एकच बी टोकावे व वरून बारीक गांडूळखताचा पातळ थर द्यावा.

५. ट्रेप्रमाणे ठोकळे एकावर एक रचता येत नाहीत. त्याऐवजी ओले गोणपाट थोडे वर, काठ्यांच्या आधाराने धरावे. जानेवारीच्या थंड रात्री कलिंगडासाठी वरून प्लास्टिकही टाकावे. पहिले अंकुर दिसताच आच्छादन काढावे, नाहीतर रोपे लांबट होतात.

६. पांढरी माशी व फुलकिडे विषाणू पसरवतात, म्हणून रोपे कीडरोधक जाळीत वाढवावीत.

पाणी : सर्वांत मोठी जोखीम

ठोकळा सर्व बाजूंनी उघडा असल्याने ट्रेपेक्षा लवकर वाळतो. पूर्ण वाळलेला ठोकळा पुन्हा नीट भिजत नाही. पाणी कडेने निघून जाते. उगवणीपर्यंत बारीक फवारा द्यावा, नंतर बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्यावे. पाइपची धार सोडू नये. मुळे पसरल्यावर तीच ठोकळा बांधून ठेवतात, तोपर्यंत पहिला आठवडा नाजूक समजावा.

उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या वाऱ्यात दिवसातून दोन-तीनदा लक्ष देणारे माणूस नसेल, तर त्या हंगामात ट्रेच वापरावा. पावसाळ्यात ठोकळ्यांवर प्लास्टिकचे छप्पर हवेच.

तीन आठवड्यांनंतरही रोप ठोकळ्यातच असेल आणि पाने फिकट पडली, तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात द्यावे.

लावणी करताना

मुळांची पांढरी टोके कडेला दिसली की रोप लावणीयोग्य झाले. लावणीपूर्वी ५-६ दिवस सावली हळूहळू कमी करून रोपे काटक करावीत. पाणी थोडे कमी करावे, पण ठोकळा वाळू देऊ नये. लावताना ठोकळा पूर्ण ओला असावा. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग पातळ मातीने झाकावा. उघडा राहिलेला काठ हवेत वाळतो आणि ठोकळ्यातील ओलही ओढून घेतो. वेलवर्गीय रोपांचे खोड मात्र मातीत पुरू नये. भोवतालची माती हलकेच दाबून लगेच ठिबक सुरू करावे.

अडचणी ओळखा

- ठोकळा कडेने सुटतो : मिश्रण कोरडे, किंवा पोयटा व कंपोस्ट कमी.
- ठोकळा कडक, पाणी मुरत नाही : माती जास्त किंवा दाब जास्त.
- वर हिरवे शेवाळ : पाणी जास्त, हवा कमी.
- रोपे जमिनीलगत कोलमडतात : पाणी कमी करावे, बाधित ठोकळे उचलून नष्ट करावेत, ट्रायकोडर्माचे द्रावण द्यावे.

वजनाचा हिशोब आधी करा

२ मीटर × ०.५ मीटर अंतराने कलिंगडाला एकरी सुमारे ४,००० रोपे लागतात. ५ सेंमीच्या ठोकळ्यात १२५ मिली दाबलेले मिश्रण असते. म्हणजे ४,००० ठोकळ्यांना ५०० लिटर दाबलेले मिश्रण लागते. ते दाबण्यापूर्वी सैल असताना याहून बरेच जास्त भरते आणि ओल्या ठोकळ्यांचे वजन अर्ध्या टनाच्या घरात जाते. म्हणून ही पद्धत स्वतःच्या शेताजवळ रोपे करणाऱ्यासाठी आहे. रोपे लांबून आणायची किंवा विकायची असतील, तर हलका ट्रेच सोयीचा.

आधी १०० ठोकळे, मग निर्णय

यंदा सगळी रोपवाटिका बदलू नका. एकाच दिवशी, एकाच पाकिटातील बी १०० ठोकळ्यांत आणि १०० कप्प्यांत टोका. पुढील पाच गोष्टी वहीत लिहा : उगवलेली रोपे, लावणीयोग्य रोपे, लावणीनंतर नवीन पान फुटायला लागलेले दिवस, दहाव्या दिवशी पडलेले नांगे आणि लागलेले मजुरीचे तास. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात दोन-तीन शेतकऱ्यांकडे हीच नोंद ठेवली, तर त्या गावचे पाणी, ऊन आणि मजुरी धरून उत्तर मिळेल. नांगे कमी पडून वाचलेले बियाणे मजुरीच्या जादा तासांपेक्षा महाग असेल, तर पुढच्या हंगामात ठोकळे वाढवा. तसे नसेल तर ट्रे नीट धुऊन, निर्जंतुक करून वापरत राहा.